व्हर्मीरची प्रतिकृती करत तैलरंग शिकताना: पुण्यातील एका रविवारच्या वर्गाचे परीक्षण

पुण्याच्या पेठांमधील एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचा एक छोटा वर्ग भरतो. या वर्गात समोर मॉडेल बसवत नाहीत आणि छायाचित्रावरूनही चित्र काढू देत नाहीत. तुकडीतील प्रत्येकाने एकाच अभिजात चित्राची प्रतिकृती करायची आणि ती करता करता तैलरंग हाताळायला शिकायचे, अशी येथील पद्धत आहे. आमच्या तुकडीला योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराचे ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र दिले होते. गेल्या पावसाळ्यात मी हे १२ रविवार पूर्ण केले. असा वर्ग निवडू पाहणाऱ्यांना त्यातून काय मिळते आणि कुठे सावध राहावे लागते, हे कळावे म्हणून हे लिहीत आहे. वर्गाचे नाव मी देत नाही. तो चालवणारे शिक्षक जाहिरात करत नाहीत, एका वेळी आठच विद्यार्थी घेतात, आणि मला जाणवलेल्या बहुतेक उणिवा अशा प्रकारच्या कोणत्याही वर्गात आढळू शकतात.

माझी पूर्वतयारी किती होती ते आधी सांगते, कारण या वर्गाचा उपयोग बराचसा त्यावर ठरतो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा मी दिल्या होत्या, पुढे अनेक वर्षे जलरंगात निसर्गचित्रे काढली, पण तैलरंगाची नळी कधी उघडली नव्हती. वर्गाचे शुल्क १४,००० रुपये होते आणि साहित्य ज्याचे त्याने आणायचे होते. साहित्यावर माझे सुमारे ५,५०० रुपये खर्च झाले. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम रंगांवर न जाता कुंचल्यांवर गेली, आणि ती योग्य ठिकाणी गेली असे आज मी खात्रीने म्हणेन. चेहऱ्यावरील सावल्या एकमेकींत मिसळण्यासाठी लागणारा रुंद, मऊ, कोरडा कुंचला स्वस्तातला घेतला, तर त्याचे केस ओल्या रंगात गळतात आणि ते चिमट्याने वेचण्यात सकाळ निघून जाते.

प्रतिकृती करून कोणी चित्रकार होत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तरीही तैलचित्रण पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने शिकवले गेले. रुबेन्ससारखा नावारूपाला आलेला चित्रकार १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली असतानाही तो राजसंग्रहातील तिशियन या इटालियन चित्रकाराची चित्रे समोर ठेवून रंगवत बसला होता. त्याने केलेली ‘अ‍ॅडम आणि ईव्ह’ची प्रतिकृती आणि तिशियनचे मूळ चित्र ही दोन्ही आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत, आणि प्रतिकृतीत रुबेन्सने स्वतःच्या मनाने एक पोपटही घातलेला दिसतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात प्रतिकृतीकारांना परवाना घेऊन आजही चित्रांसमोर घोडा (कॅनव्हास ठेवायची लाकडी चौकट, ईझल) मांडून बसता येते. आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगात केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या, पण अजिंठ्याच्या ओल्या, अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे रेषा न्याहाळत बसलेल्या त्या तरुणांच्या डोळ्यांना जे वळण लागले असेल, ते आगीत जाण्यासारखे नव्हते. आमच्या सरांनी पहिल्या रविवारी हीच गोष्ट सांगून सुरुवात केली. वर्गाचा पाया विचारपूर्वक घातलेला आहे, असे मला तेव्हाच वाटले.

आता चित्राच्या निवडीविषयी. हे चित्र साधारण १६६५ मधले आहे. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात ते आहे आणि त्याचा आकार ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे सर्वसाधारण समजुतीपेक्षा बराच लहान आहे. हे एखाद्या ठरावीक व्यक्तीचे चित्र नव्हे. काल्पनिक वेशातील चेहऱ्याचा अभ्यास, ज्याला डच परंपरेत ‘ट्रोनी’ म्हणत, त्या प्रकारातले ते आहे. १८८१ मध्ये हेगच्या एका लिलावात ते दोन गिल्डर आणि तीस सेंटना विकले गेले, इतकी त्याची तेव्हा उपेक्षा झालेली होती. नवशिक्यासाठी ही निवड मला फार योग्य वाटते. प्रकाश एकाच बाजूने, आपल्या डावीकडून येतो, पार्श्वभूमी गडद आहे, हात नाहीत, दागिने आणि कपडे मोजके आहेत, आणि सगळे लक्ष चेहऱ्याच्या वळणावर राहते. दुकानात तयार मिळणारा १६ बाय १२ इंचांचा कॅनव्हास या चित्राच्या प्रमाणात बसत नाही. त्यावर काढले तर डोक्यामागचे पिवळे कापड तरी कापले जाते किंवा चेहरा तरी आखडतो. सरांनी १६ बाय १४ इंचांच्या चौकटी सुताराकडून करवून घेऊन त्यांवर कॅनव्हास ताणून दिला होता, आणि हे प्रमाण मूळ चित्राशी जवळजवळ तंतोतंत जुळते. क्षेत्रफळाने आमचे चित्र मूळच्या सुमारे ८३ टक्के होते. लूव्रमध्ये प्रतिकृती मूळ चित्रापेक्षा निदान एक-पंचमांशाने लहान किंवा मोठी असावी लागते, त्यामुळे तेथे आमचा कॅनव्हास नियमात बसला नसता, पण शिकण्यासाठी मूळ आकाराच्या इतके जवळ असणे लाभाचेच ठरले: कुंचल्याच्या एका फटकाऱ्याची रुंदी मूळ चित्रातल्या फटकाऱ्याशी ताडून पाहता येत होती.

पहिले दोन रविवार फक्त रेखाटनाला दिले होते. चौकटी आखून चित्र उतरवण्याची जी सवय आपल्याला शाळेत लागते, तिला येथे मनाई आहे. त्याऐवजी गवंड्याच्या ओळंब्यासारखा दोऱ्याला बांधलेला एक छोटा भार प्रत्येकाला दिला होता. तो छापील चित्रासमोर धरायचा आणि कपाळावरच्या पट्टीच्या टोकापासून सरळ खाली येताना दोरा डोळ्याला, ओठांना, हनुवटीला कुठे कुठे भेटतो ते पाहायचे, आणि तीच तपासणी आपल्या रेखाटनावर करायची. माझ्या रेखाटनात हनुवटी जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे आली होती, आणि ती तशी आहे हे ओळंबा धरेपर्यंत मला दिसले नव्हते. या दोन रविवारांबद्दल तुकडीतील काहींनी नाराजी व्यक्त केली, कारण रंग घ्यायला आलेल्या माणसाला कोळशाच्या रेघा पुसत बसणे जड जाते. मला मात्र या वर्गातील सर्वांत सकस शिकवणी याच दोन दिवसांत मिळाली असे वाटते, आणि ज्यांनी तेव्हा घाई केली त्यांचे चेहरे शेवटपर्यंत किंचित वाकडे राहिले.

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी तपकिरी आणि काळ्या छटांत छायाप्रकाशाचे अस्तरचित्र केले. रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सावल्यांच्या जागा भरायच्या आणि उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढायच्या, एवढेच काम होते. व्हर्मीरनेही या चित्राची उभारणी तपकिरी आणि काळ्या छटांच्या थरांपासून केली होती, हे संग्रहालयाच्या अभ्यासातून पुढे आले आहे, त्यामुळे ही पायरी मूळच्या क्रमाला धरून होती. येथे सरांचे पालुपद एकच होते: “डोळे बारीक करून बघा.” पापण्या अर्धवट मिटल्या की चेहऱ्यावरचे बारकावे विरघळतात आणि उजेडाचा एक आणि अंधाराचा एक असे दोनच आकार उरतात. ते आकार बरोबर बसले की चेहरा डोळे-नाक-ओठ काढण्याआधीच ओळखू येतो. अस्तरचित्र पूर्ण झाले तेव्हा माझ्या कॅनव्हासवर ना डोळे होते ना ओठ, तरीही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहणाऱ्याला ती मुलगी मान वळवून पाहत असल्याचे कळत होते.

या वर्गाकडे मी कृतज्ञतेने पाहते त्याचे खरे कारण पाचव्या रविवारी घडले. त्वचेचा पहिला रंगीत थर देताना मी नाक काढू लागले, म्हणजे नाकाच्या दांड्याची कड आणि तिच्या पलीकडचा गाल यांच्यामध्ये एक किंचित गडद रेघ ओढली. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “ती रेघ मूळ चित्रात कुठे आहे, ते मला दाखवा.” मी भिंग घेऊन शोधत राहिले आणि मला ती सापडली नाही. कारण ती तेथे नाहीच. आपल्या डावीकडचा गाल आणि नाकाचा दांडा व्हर्मीरने जवळजवळ एकाच उजळ छटेत, एकमेकांत मिसळून रंगवले आहेत. नाकपुडीखालची छाया आणि नाकाच्या उजव्या अंगाची सावली एवढ्या दोन खुणांवरून आपला डोळा उरलेले नाक स्वतः पूर्ण करतो. तीस वर्षे मी नाक काढताना रेघ ओढत आले होते, आणि माझे एकही नाक त्या रेघविरहित नाकाइतके खरे दिसले नव्हते. जिवंत माणूस समोर बसला असता तर ही गोष्ट मला कळली नसती, कारण समोरच्या चेहऱ्यात कड आहे की नाही याचा निर्णय मलाच घ्यावा लागला असता आणि माझ्या सवयीने तो नेहमीचाच घेतला असता. प्रतिकृती करताना तो निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो. आपल्याला तो ओळखावा लागतो, आणि तो आपल्या सवयीच्या विरुद्ध असेल तर हातच वळवावा लागतो. सरांनी नंतर सगळ्या तुकडीला त्या चित्रात कुठे कुठे कड हरवली आहे ते शोधायला लावले: हनुवटीखाली, मानेच्या सावलीत, डोक्याच्या फडक्याच्या मागच्या बाजूला. त्या दोन तासांसाठी वेगळे शुल्क मागितले असते तरी मी ते दिले असते.

याच चेहऱ्याबाबत आणखी एक गोष्ट येथे नोंदवते. या मुलीच्या डोळ्यांना पापण्यांचे केस दिसत नाहीत, आणि त्यामुळे तिचा चेहरा जरा अलौकिक वाटतो, असे अनेकांनी लिहिले आहे. संग्रहालयाने २०१८ मध्ये दोन आठवडे, प्रेक्षकांच्या समोरच काचेच्या खोलीत, या चित्राची तपासणी केली, तेव्हा दोन्ही डोळ्यांभोवती अतिशय बारीक केस रंगवलेले असल्याचे आढळले. साध्या डोळ्यांना ते आज दिसत नाहीत, एवढेच. वर्गात ही माहिती कोणी दिली नव्हती. ती दिली असती तर आम्ही केस काढले असते की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण निर्णय समजून घेतला असता.

आता उणिवांकडे वळते. सर्वांत मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत. जवसाच्या तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे हळूहळू घट्ट पापुद्र्यात रूपांतर होते, आणि दमट, थंड, अंधाऱ्या दिवसांत हे काम रेंगाळते. प्रत्येक रंगाची गतीही वेगळी असते. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो एक-दोन दिवसांत वाळतो, तर टायटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक बरेच दिवस चिकट राहतात. वर्गाचा आराखडा मात्र दर रविवारी एक थर असा सरसकट होता, आणि तो पुण्याच्या जुलैसाठी आखलेला नव्हता. सातव्या रविवारी माझ्या गालावरचा पांढरा थर बोटाला चिकटत असतानाच त्यावर पातळ तांबूस थर द्यायला सांगितले गेले. कुंचला फिरताच खालचा रंग वर आला आणि गालाला राखाडी, मळकट कळा आली. ती दुरुस्त करण्यात माझा पुढचा रविवार पूर्ण खर्ची पडला, आणि तुकडीतील आणखी तिघींचे असेच झाले. सरांनी मग चेहरा बाजूला ठेवून डोक्याच्या फडक्याकडे वळवले, आणि तो उपाय चांगला होता. पण तो आधीपासून नियोजनात असायला हवा होता. पावसाळ्यात असा वर्ग करायचा असेल तर चेहऱ्याच्या दोन थरांमध्ये किमान दोन आठवडे मिळतील का, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारावे. नाहीतर जवसाच्या तेलाऐवजी लवकर वाळणारे अल्किड माध्यम वापरण्याची परवानगी घ्यावी. खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त, हा नियम येथे नीट शिकवला जातो. तो मोडल्यास वरचा थर आधी वाळून पुढे भेगाळतो, हे कारणही सांगितले जाते.

दुसरी उणीव छापील चित्राची. वर्गातर्फे प्रत्येकाला एथ्री आकाराची प्रत दिली होती. ती बहुधा जवळच्याच झेरॉक्सच्या दुकानात छापलेली असावी, कारण फडक्याचा निळा रंग तिच्यात जांभळ्याकडे झुकला होता आणि मानेवरच्या सावल्या एकसारख्या काळ्या झाल्या होत्या. ज्या वर्गाची सारी भिस्त एका चित्राकडे बारकाईने पाहण्यावर आहे, त्या वर्गाने या एका गोष्टीत काटकसर करू नये. माउरित्सहाउसने आपल्या संकेतस्थळावर या चित्राची उत्तम प्रतिमा सर्वांसाठी खुली ठेवली आहे, आणि २०१८ च्या तपासणीनंतर सुमारे १० अब्ज पिक्सेलची एक प्रतिमाही उपलब्ध आहे, ज्यात रंगावरच्या बारीक भेगाही मोजता येतात. तिसऱ्या रविवारपासून मी घरचा टॅबलेट नेऊ लागले आणि छापील प्रत फक्त प्रमाणे ताडण्यासाठी ठेवली. पडद्याचा उजेड रंगांना थोडा अधिक तेजस्वी करतो हे खरे, पण सावल्यांमध्ये काय चालले आहे ते तरी दिसते.

पार्श्वभूमीचा प्रसंग मी सविस्तर सांगते, कारण त्यातून शिक्षकाची पारख होते. नवव्या रविवारी आम्हाला आयव्हरी ब्लॅक आणि अंबर मिसळून मागची बाजू सपाट काळी करायला सांगितले. हे चित्र पाहणाऱ्या कोणालाही ती काळीच वाटेल. प्रत्यक्षात संग्रहालयाच्या अभ्यासाचे जे निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाले, त्यांनुसार तिच्या मागे घड्या पडलेला हिरवा पडदा होता. गडद थरावर नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीपासून केलेला पिवळा रंग यांचा पारदर्शक हिरवा लेप व्हर्मीरने दिला होता, आणि ते दोन्ही वनस्पतिजन्य रंग काळाच्या ओघात विटून गेल्यामुळे पडदा नाहीसा झाला. मी ही माहिती वाचली होती आणि ती सरांना दाखवली. सरांनी ती तेथेच उभ्याने पूर्ण वाचली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हे मला माहीत नव्हते. ज्यांचे काळे झाले आहे त्यांनी ते वाळू द्या. पुढच्या वेळी आपण दोन्ही करून बघू.” त्यांच्या वयाच्या आणि अनुभवाच्या माणसाने ही कबुली इतक्या सहजपणे द्यावी, याचा मला मनापासून आदर वाटला.

पुढच्या रविवारी तुकडीत खरी चर्चा झाली. आपण आज दिसते त्या चित्राची प्रतिकृती करतो आहोत की चित्रकाराने १६६५ च्या सुमारास सोडलेल्या चित्राची? चार जणांनी काळी पार्श्वभूमी कायम ठेवली. आम्ही तिघांनी वाळलेल्या काळ्यावर अल्ट्रामरीन आणि पारदर्शक पिवळा यांचा पातळ हिरवा लेप दिला. लेप इतका गडद होता की तो हिरवा आहे हे एका कोनातूनच कळायचे, पण परिणाम लगेच दिसला: सपाट काळ्यापुढे आमच्या मुलीच्या चेहऱ्याची कड कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वाटत होती, ती हिरव्यापुढे मऊ झाली आणि सावलीतला तांबूसपणा ऊबदार वाटू लागला. तैलरंगात पारदर्शक लेपाचे काम काय असते हे मला पुस्तकातून कधी कळले नव्हते. त्या एका सकाळी कळले.

रंगांच्या बाबतीत वर्गाचा आग्रह साधा आहे आणि मला तो पटला. मोजक्या आठ नळ्या पुरतात: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन, एक खोल पारदर्शक लाल, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक. पार्श्वभूमीच्या लेपासाठी आम्हा तिघांना एक पारदर्शक पिवळी नळी वरून घ्यावी लागली. नळीवरचे आकर्षक नाव न वाचता मागच्या बाजूचा रंगद्रव्याचा संकेत वाचायला सर शिकवतात. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम व्हाइट, आणि एकाच नळीवर तीन-चार संकेत असतील तर ते मिश्रण आहे आणि दुसऱ्या रंगात मिसळल्यावर लवकर मळकट होईल, हे एकदा कळले की दुकानात पैसे वाया जात नाहीत. विद्यार्थ्यांसाठीचे भारतीय रंग अस्तरचित्रासाठी पूर्ण समाधानकारक आहेत. त्वचेच्या वरच्या थरांसाठी मात्र पांढरा आणि लाल हे दोन रंग चित्रकारांच्या श्रेणीतले घ्यावेत. व्हर्मीरचा पांढरा शिशापासून केलेला होता. तो लवकर वाळतो आणि त्वचेत थोडा पारदर्शक राहतो, पण विषारी असल्यामुळे वर्गात वापरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. टायटॅनियम व्हाइट फार झाकणारा आणि थंड असल्याने त्वचा खडूसारखी दिसू लागते. त्यात यलो ऑकरचा अगदी कण मिसळून ठेवण्याची सरांची युक्ती उपयोगी पडली.

फडक्याचा निळा हा या चित्रातला श्रीमंतीचा रंग. अफगाणिस्तानातून युरोपात जाणाऱ्या लाजवर्द दगडाची पूड करून मिळणारे अल्ट्रामरीन त्या काळी अत्यंत महाग होते, आणि व्हर्मीरने ते येथे सढळ हाताने वापरले आहे. कृत्रिम अल्ट्रामरीन तयार करण्याची रीत १८२० च्या दशकात सापडल्यामुळे आज तोच रंग सगळ्यात स्वस्त नळ्यांपैकी एक आहे. फडके रंगवणे चेहऱ्याच्या मानाने सोपे गेले; उजेडात पांढरा मिसळलेला निळा, सावलीत जवळजवळ काळ्यावर चढवलेला निळा, आणि मधल्या पट्ट्यात कुंचल्याचे फटकारे तसेच राहू दिलेले.

सहाव्या आणि सातव्या रविवारांच्या मधल्या आठवड्यात मी सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्री भवानी संग्रहालयात गेले होते. वर्गाने तसे सांगितले नव्हते. अशी एक भेट अभ्यासक्रमातच असावी, ही माझी सूचना मी सरांना नंतर लेखी दिली. राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रे तेथे अगदी जवळून पाहता येतात. छापील प्रतीवरून प्रतिकृती करणाऱ्याला रंगाची जाडी कधीच कळत नाही, आणि औंधला तिरक्या उजेडात उभे राहिल्यावर ती कळते: दागिन्यांवर रंग उंचावलेला, सावल्यांत कापडाची वीण दिसेल इतका पातळ. परत आल्यावर माझ्या सावल्यांतला जाड रंग मी पुसून काढला. मुंबईच्या वाचकांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे हीच गोष्ट दाखवतील.

बाराव्या रविवारी मोती आला. सगळ्या तुकडीने त्याची वाट पाहिली होती. मूळ चित्रात तो रंगाच्या फार थोड्या स्पर्शांत उभा आहे: वर डावीकडे एक जाड पांढरा ठसा आणि खाली गळपट्टीचे मंद प्रतिबिंब. त्याची बाह्यरेषा मानेच्या सावलीत विरली आहे, आणि कानात अडकवायचा आकडाही काढलेला नाही. आमच्यापैकी बहुतेकांनी सवयीने आधी गोल काढला, आणि गोल काढताच तो मणी झाला. सरांनी गोल पुसायला लावून फक्त ते दोन स्पर्श द्यायला सांगितले. पाचव्या रविवारचे नाक आणि बाराव्या रविवारचा मोती यांत एकच धडा आहे आणि वर्गाची आखणी त्या धड्याभोवती केलेली आहे, हे मला तेव्हा उमगले.

खोलीबद्दल थोडे सांगणे गरजेचे आहे. उत्तरेकडची मोठी खिडकी ही तिची जमेची बाजू. सकाळभर उजेड बदलत नाही. पण पावसात ती खिडकी बंद ठेवली जाते आणि आठ जणांच्या टर्पेंटाइनच्या वासाने डोके धरते. एक पंखा बाहेर हवा फेकणारा हवा, अशी मागणी आम्ही केली आणि नवव्या रविवारी तो बसला. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून टोपलीत टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. येथे ती पाण्याच्या बादलीत टाकण्याची शिस्त कटाक्षाने पाळली जाते, याचा उल्लेख मला मुद्दाम करावासा वाटतो.

ज्यांना तीन महिन्यांत घरच्या माणसाचे चित्र काढून भेट द्यायचे आहे, त्यांनी या वर्गाला जाऊ नये. समोर बसलेल्या, हलणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडे पाहून काम करणे येथे शिकवले जात नाही आणि सरही तसे स्पष्ट सांगतात. ज्यांनी आयुष्यात कधीच रेखाटन केलेले नाही, त्यांना पहिले दोन रविवार अपुरे पडतील. आमच्यातल्या एका गृहस्थांनी चौथ्या रविवारनंतर येणे सोडले ते त्यामुळेच. रेखाटनाचा थोडा हात असलेल्या आणि तैलरंगाची भीती वाटणाऱ्या माणसासाठी मात्र हे शुल्क रास्त आहे.

माझे चित्र सध्या धूळ लागू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे आहे; वार्निश देण्याआधी ते सहा महिने तसेच वाळू द्यायचे आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत सुरू होईल, आणि तेव्हा रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे १६६९ मधले आत्मचित्र घेणार आहेत. ते जाड, खरबरीत रंगाचे आहे आणि माउरित्सहाउसच्याच संग्रहात आहे. छापील प्रतीऐवजी संग्रहालयाची प्रतिमा मोठ्या पडद्यावर दाखवण्याचे आणि चेहऱ्याच्या थरांमध्ये दोन आठवड्यांचे अंतर ठेवण्याचे सरांनी मान्य केले आहे. मी नाव नोंदवले आहे.